अकरावीला नाशिकात आलात? अभ्यासाबाहेरचं काय, कधी आणि कसं करायचं

अकरावीचे वर्ग भरायला लागले, की आमच्या जिमखान्याच्या दारात नवी मुलं डोकावायला लागतात. निफाड, कळवण, सटाणा, पेठ, कुठून कुठून आलेली. त्यांना सगळंच करायचं असतं: कबड्डी, नाटक, एनसीसी, ढोल पथक, शिवाय गिटार. आणि फेब्रुवारीत, प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सह्या चालू असताना, बारावीतला एखादा हळूच विचारतो, "सर, एखादं सर्टिफिकेट मिळेल का? कसलंही चालेल."

हे लिहितोय ते जुलैतल्या मुलांसाठी. फेब्रुवारीत येणाऱ्यांना मी चहा पाजतो, त्यापलीकडे माझ्या हातात काही नसतं. मी एका ज्युनिअर कॉलेजात शिकवतो आणि बरीच वर्षं जिमखान्याच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे, त्यामुळे कोणाचं काय आणि का फिसकटतं हे जवळून पाहिलंय.

पहिलं काम: कॉलेज निवडतानाच विचारा

बहुतेकांना वाटतं, आधी ॲडमिशन घेऊ, छंदाचं मग बघू. पण निम्मा निकाल ॲडमिशनलाच लागलेला असतो. कॉलेज रोड, गंगापूर रोड, कॅनडा कॉर्नर हा आपला क्लासवाल्यांचा पट्टा. तिथे "इंटिग्रेटेड" नावाची सोय मिळते. नाव एका कॉलेजच्या पटावर, बसायचं क्लासमध्ये. जेईई-नीटसाठी काहींना ती खरंच उपयोगी पडते, मी तिला नावं ठेवत नाही. फक्त तिची किंमत माहीत असू द्या. शालेय क्रीडा स्पर्धांची प्रवेशिका कॉलेजच्या नावाने जाते. एनसीसीचं युनिट कॉलेजला मिळालेलं असतं, एनएसएसचंही (राष्ट्रीय सेवा योजना) तसंच. ज्या कॉलेजात तुम्ही पायच ठेवत नाही, तिथले क्रीडा शिक्षक तुमचं नाव यादीत घालतील कसं? त्यांना तुम्ही उंच आहात की बुटके, हेही माहीत नसतं.

फॉर्म भरण्याआधी ऑफिसात नाही, जिमखान्यात जाऊन चार गोष्टी विचारा. क्रीडा शिक्षक पूर्णवेळ आहेत का. गेल्या वर्षी कुठकुठल्या खेळांच्या प्रवेशिका गेल्या. एनसीसी आणि एनएसएस अकरावी-बारावीला आहे, की फक्त वरच्या सीनियर कॉलेजला. आणि सरावाची वेळ काय. माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नका. संध्याकाळी पाचला मैदानावर चक्कर मारा. नेटच्या दोऱ्या तुटलेल्या आहेत की बांधलेल्या, एवढ्यावरून बरंच कळतं.

दुसरं: एकच धरा, आणि बसच्या वेळा बघून धरा

मागे एक मुलगी होती, येवल्याकडची. हॉस्टेल नाशिकरोडला, क्लास कॉलेज रोडला आणि कबड्डीचा सराव पंचवटीत. उत्साह दांडगा. सकाळी सहाला निघायची, रात्री साडेनऊला परत. द्वारकेच्या चौकात सिटीलिंकची बस अडकली, की सराव बुडायचा. तिसऱ्या आठवड्यात ताप, पाचव्या आठवड्यात कबड्डी बंद. पोरगी आळशी नव्हती, शहराचा नकाशा तिच्या विरोधात होता. दिवाळीनंतर तिने हॉस्टेलजवळच्या मैदानावर सकाळी पळायला सुरुवात केली आणि बारावीच्या डिसेंबरपर्यंत ते सोडलं नाही.

तेव्हापासून मी एक साधा हिशेब सांगतो. राहायची जागा, क्लास आणि सराव, या तिघांपैकी दोन तरी चालत जाता येतील एवढे जवळ हवेत. आठवड्याला पाच-सहा तास नियमाने निघत असतील, तर तेवढे पुरे. रोज तीन तास काढण्याचे बेत सप्टेंबरच्या घटक चाचणीपर्यंत टिकतात.

एकच का, असं पालक विचारतात. कारण दोन वर्षं फार नसतात. पहिल्या सहा महिन्यांत शिकायचं, पुढच्या सहांत जमायला लागायचं, मग कुठे एखादी जबाबदारी अंगावर येते. चार गोष्टींत हात घातला, की चारही ठिकाणी तुम्ही कायम नवखेच राहता.

मैदान: दोन वाटा आहेत, त्या वेगळ्या ओळखा

खेळात स्पर्धेच्या दोन वाटा असतात आणि नवीन पालकांचा गोंधळ इथेच होतो. एक, क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा. तुमचा गट १९ वर्षांखालचा. शहरातल्या कॉलेजांची फेरी महापालिका स्तरावर, बाकी तालुक्यांतल्यांची जिल्हा स्तरावर होते. पुढे विभाग, राज्य, राष्ट्रीय. प्रवेशिका पावसाळ्यातच जातात, म्हणून जुलै चुकला की वर्ष गेलं. दुसरी वाट त्या त्या खेळाच्या जिल्हा संघटनेच्या स्पर्धांची. तिथे कॉलेज नाही, क्लब किंवा अकादमी लागते. इंटिग्रेटेडवाल्यांना ही दुसरी वाट उरते.

गुणांचं विचारतात सगळेच, म्हणून सांगून टाकतो. मान्यताप्राप्त खेळात ठरावीक पातळीवर कामगिरी केली, तर राज्य मंडळाच्या बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. पातळीप्रमाणे कमी-जास्त, कमाल २५. प्रस्ताव कॉलेजमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे आणि तिथून मंडळाकडे जातो. सीईटीच्या पर्सेंटाइलमध्ये त्याने काडीचा फरक पडत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथे प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि ती कडक असते.

इथे माझं स्वतःचं एक दुखणं सांगतो. माझ्या पुतण्याला अकरावीत असताना परराज्यातल्या एका "राष्ट्रीय" स्पर्धेचं बोलावणं आलं. प्रवेश शुल्क, किट, गाडीभाडं, राहणं, सगळं आपल्या खर्चाने. आम्ही हौसेने पाठवला. गटात चार मुलं, त्यांतल्या तिघांना पदक. चौथ्याचं काय चुकलं कोण जाणे. मोठ्ठं सोनेरी सर्टिफिकेट घेऊन क्रीडा कार्यालयात गेलो, तर तिथल्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि शांतपणे परत दिलं. संघटना मान्यताप्राप्त नव्हती. मी स्वतः या खात्यातला माणूस, आणि आधी एक फोन करायचं मला सुचलं नाही. तुम्ही करा. खेळ सवलतीच्या यादीत आहे का आणि संघटना अधिकृत आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारायचं असतं.

जागांचं सांगायचं, तर पंचवटीत मीनाताई ठाकरे स्टेडियम आहे, सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानक) छत्रपती शिवाजी स्टेडियम, क्रिकेटसाठी गोल्फ क्लबचं मैदान, पोहायला त्र्यंबक रोडचा महापालिकेचा सावरकर तलाव. गंगापूर रोडला नदीच्या पात्रात रोइंगचा सराव चालतो, आणि फार कमी मुलं तिकडे वळतात. "आता अकरावीत नवीन खेळ काय शिकणार" असं म्हणणाऱ्यांना मी दत्तू भोकनळचं सांगतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, टंचाईच्या भागातला माणूस. वल्हं हातात घेतलं ते सैन्यात गेल्यावर, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये (एकट्याने वल्हवायची शर्यत) तेरावा आला. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य घेऊन आली, तिचा सराव आपल्या भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावरचा. सगळ्यांनी तिथवर जायचं नसतं. पण खेड्यातून आलो म्हणून मागे, हे डोक्यातून काढा.

एनसीसी आणि एनएसएस

एनसीसीत जायचं, तर अकरावीतच. बी सर्टिफिकेटला दोन वर्षं लागतात, सी ला तीन. परेडची ७५ टक्के हजेरी आणि एक वार्षिक कॅम्प हवाच. जागा मोजक्या, निवडीला धावणं असतं, थोडं लेखी, थोडी विचारपूस. निवडीच्या दिवशी नवे बूट घालून येऊ नका, दर वर्षी चार-पाच जणांचे पाय सोलतात.

एनएसएस सोपं वाटतं, म्हणून मुलं हलक्यात घेतात. वर्षाला १२० तास, असे दोन वर्षांचे २४० आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर. शिबिर एखाद्या खेड्यात असतं. बंधारा, सर्वेक्षण, रात्री शाळेच्या ओट्यावर कार्यक्रम. ज्यांना घरी पाण्याचा ग्लासही उचलावा लागत नाही, ती मुलं पंचवीस जणांची भाजी चिरताना दिसतात, आणि तिखट कोणी जास्त टाकलं यावर रात्रभर खटला चालतो. गावातून आलेली मुलं मात्र तिथे एकदम पुढारी होतात. मला ते बघायला फार आवडतं.

रंगमंच, गाणं, ढोल

नाटकाची हौस असेल, तर आधी बघायची सवय लावा. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला नाशिक केंद्र असतं, तिकीट माफक असतं, आणि महिनाभरात पंधरा-वीस नाटकं बघून होतात. वाईट नाटकं बघून जास्त शिकायला मिळतं, हे आपलं माझं मत. हौशी संस्थांना मागची कामं करायला माणसं हवीच असतात: प्रकाश, नेपथ्य, नुसतं प्रॉपर्टी सांभाळणं. तिथून आत शिरा. भूमिका मागत जाल, तर दारातच राहाल.

गाण्या-वाजवण्यात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा चालू असतील, तर तोडू नका. सत्रं दोन असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. अकरावीत असतानाच पुढची परीक्षा उरका. बारावीचा एप्रिल-मे सीईटी आणि नीटमध्ये जातो. मूळ गांधर्व महाविद्यालय काढणारे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात आपल्या पंचवटीत राहिले होते, एवढं तरी नाशिकात शिकताना ठाऊक असावं.

वक्तृत्वाची आवड असेल, तर सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्या. १८४० पासूनची संस्था आहे, आणि क्लासच्या नोट्सपेक्षा तिथे बोलायला जास्त सापडतं. मे महिन्यात गंगेवर वसंत व्याख्यानमाला असते (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, गोंधळू नका). पहिल्या रांगेत बसून वक्ते कुठे थांबतात ते ऐका.

ढोल पथकाबद्दल मुलं डोळे मिचकावत विचारतात. नाशिकचा ढोल म्हटल्यावर हात शिवशिवणारच. सराव पावसाळ्यात सुरू होतो, अनंत चतुर्दशीला संपतो, म्हणजे वर्षाचे अडीच महिने. अकरावीत खुशाल करा. कानात कापूस घाला, कमरेचा पट्टा नीट बांधायला शिकून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मागच्या बाकावर झोपू नका, आम्हाला दिसतं.

डोंगर आणि पाखरं

सह्याद्री दाराशी आहे. अंजनेरी, ब्रह्मगिरी, रामशेज एका सकाळीत होतात. पण पावसाळ्यातल्या रविवारी हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्यांवर सेल्फीवाल्यांच्या गर्दीत चढणं ही गिर्यारोहणाची सुरुवात नव्हे. जुन्याजाणत्या संस्थेबरोबर जा. दोर बांधणं, नकाशा वाचणं, प्रथमोपचार शिका. गडांची संख्या मोजत बसू नका.

अभ्यासू, एकलकोंड्या मुलांसाठी माझी आवडती शिफारस पक्षीनिरीक्षण. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलं. हिवाळ्यात महिन्यातून दोन रविवार, एक जुनी दुर्बीण आणि एक वही. तारीख, वेळ, पक्षी, संख्या. दोन हिवाळ्यांची अशी वही म्हणजे खरीखुरी माहिती झाली. तिच्यापुढे "पर्यावरण जनजागृती रॅलीत सहभाग" फिका पडतो.

घरचं काम मोजायचं का?

मोजायचं. आणि याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण नाशिक जिल्ह्यातली निम्मी मुलं हे लपवतात.

पिंपळगावकडचा एक मुलगा, अकरावीत असताना दर शनिवारी दुपारी घरी पळायचा. खेळात नाही, नाटकात नाही. मी जरा चिडूनच विचारलं, "करतोस काय घरी?" त्याने दप्तरातून एक लांबट रजिस्टर काढलं. घरची द्राक्षबाग निर्यातीची होती. कुठल्या प्लॉटवर, कुठल्या तारखेला, कुठलं औषध, किती मात्रा, कोणत्या कारणासाठी, आणि काढणीला किती दिवस बाकी, अशा उभ्या रकान्यांत सगळं. अक्षर त्याचं. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंतची एकेक फवारणी त्यात होती. औषधाचा अंश ठरल्यापेक्षा जास्त निघाला तर माल परत येतो, म्हणून वडिलांनी हे काम घरातल्या रसायनशास्त्रवाल्याकडे दिलं होतं. एका पानावर लाल पेनने लिहिलं होतं: "भुरीसाठी दुकानदाराने सांगितलेलं औषध मारलं नाही. काढणीला दिवस कमी." (भुरी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग.) दुकानदाराला नाही म्हणणारा सतरा वर्षांचा पोरगा! आणि फॉर्मवर त्याने "इतर उपक्रम" पुढे लिहिलं होतं, "नाही."

धाकट्या भावंडांना शिकवणं, आजीला दवाखान्यात नेणं, दुकानाचा हिशेब, दूध घालणं, हे सगळं काम आहे. किती दिवस, किती तास आणि काय निर्णय घेतले, हे लिहिता आलं की झालं.

कागद: कंटाळवाणं, पण इथेच गाडी अडते

एक दोनशे पानी वही करा. प्रत्येक सराव, कॅम्प, प्रयोग झाला की त्याच रात्री दोन ओळी: तारीख, तास, काय केलं. दोन वर्षांनी आठवून लिहायला बसाल, तर सगळंच "खूप छान अनुभव" होऊन जातं.

सर्टिफिकेट हातात पडलं, की तिथेच उभं राहून वाचा. नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच हवं, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने. एका मुलीच्या विभागीय स्पर्धेच्या सर्टिफिकेटवर वडिलांच्या नावाच्या जागी आडनाव दोनदा पडलं होतं. स्पर्धेच्या दिवशी टेबलावर दोन मिनिटांत दुरुस्त झालं असतं. पुढे त्यासाठी तिच्या वडिलांनी कामं बुडवून तीन हेलपाटे घातले. तारीख, खेळप्रकार, वयोगट, सही, गोल शिक्का, हेही तिथेच बघा. मूळ प्रत लॅमिनेट करू नका. मोबाइलवर स्कॅन करून एक प्रत घरच्या कोणाच्या तरी मेलवर टाका.

बारावीचं वर्ष

जून ते सप्टेंबर नेहमीसारखं चालू द्या. स्पर्धा, शिबिर, जे करायचं ते डिसेंबरच्या आत. जानेवारीत जेईई मेनचं पहिलं सत्र, मग प्रॅक्टिकल, मग बोर्ड. त्या काळात उपक्रम पूर्ण बंद करायला मी सांगत नाही. आठवड्यातून तीन दिवस तासभर पळा, पेटी काढून बसा, गल्लीत बॅडमिंटन खेळा. स्पर्धा नको, एवढंच. एकदम सगळं तोडलेली मुलं तो वेळ अभ्यासाला देत नाहीत, मोबाइलला देतात.

फॉर्म भरताना

एनडीएची लेखी परीक्षा पास झालात, तर मुलाखतीआधी एक माहितीचा तक्ता भरून घेतात. त्यात खेळ, छंद, एनसीसी, सांभाळलेल्या जबाबदाऱ्या विचारतात आणि मुलाखतीत त्यावरच खोदून खोदून प्रश्न येतात. "वाचन" लिहिलंत, तर गेल्या महिन्यात काय वाचलं ते सांगता आलं पाहिजे. आयआयटी मद्रासने २०२४ पासून खेळाडूंसाठी आणि पुढच्या वर्षापासून कलाकारांसाठी काही जागा वेगळ्या ठेवल्या आहेत, पण जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत नाव असावं लागतंच.

अमेरिकेत पदवीला जाणाऱ्यांची संख्या आपल्याकडे थोडी, पण विचारणारे वाढलेत. तिथली बरीच कॉलेजं कॉमन ॲप नावाचा एकच अर्ज घेतात. त्यात नववी ते बारावीचे जास्तीत जास्त दहा उपक्रम मावतात. प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, शब्द नव्हेत. शिवाय आठवड्याला किती तास आणि वर्षाचे किती आठवडे हेही विचारतात. घरच्या जबाबदाऱ्यांसाठी वेगळा प्रकार आहे. म्हणजे त्या रजिस्टरवाल्याने "शेतीत मदत केली" असं न लिहिता "निर्यात द्राक्षबागेची फवारणी नोंदवही दोन हंगाम सांभाळली, काढणीपूर्व कालावधी तपासून औषधं ठरवली" असं लिहायचं. दहाच्या दहा रकाने भरायचा अट्टहास नको, पाच खरे पुरतात.

तो अर्ज १ ऑगस्टला उघडतो, लवकरची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, नेहमीची जानेवारीच्या सुरुवातीला. शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. ते दसऱ्याच्या आत मागा, आणि मागताना वरची वही बरोबर आणा. एक मुलगा ३० ऑक्टोबरला संध्याकाळी माझ्या घरी आला होता. पत्र मी दिलं. पण वही नव्हती, मला काही आठवेना, आणि त्या पत्रात नाव सोडलं तर त्याचं असं काहीच नव्हतं.